केंट एकेरीवर येतो

शेक्सपिअर वाचताना गाडी अवघड शब्दांपाशी अडते, हा समज अर्धाच खरा आहे. अनोळखी शब्द आला की माणूस निदान थांबतो, तळटीप बघतो. दगा देतात ते ओळखीचे शब्द. 'प्रेझेंटली' म्हणजे त्या काळी 'ताबडतोब'. 'नाइस' हे बरेचदा क्षुल्लक किंवा फाजील चोखंदळ अशा अर्थाने येतं. भुतामागे निघालेल्या हॅम्लेटला सोबती धरून ठेवतात, तेव्हा 'लेट' करणाऱ्याला तो जिवे मारण्याची धमकी देतो. म्हणजे जाऊ देणाऱ्याला? नव्हे, अडवणाऱ्याला. अडथळा या अर्थाचा तो 'लेट' आपल्या पासपोर्टवर राष्ट्रपतींच्या नावाने केलेल्या विनंतीत अजून छापलेला असतो. आपण तो कधी वाचत नाही, एवढंच.

असे शब्द कोशात सापडतात. अलेक्झांडर श्मिट या जर्मन अभ्यासकाने 1874-75 मध्ये शेक्सपिअरचा आख्खा शब्दकोश रचला, तो आजही वापरात आहे. पण अर्थ कळूनही जे निसटतं, ते असतं 'दाऊ' आणि 'यू' यांच्यात. शाळेत आपल्याला सांगतात की 'दाऊ' म्हणजे जुना 'यू'. या एका वाक्याने फार नुकसान केलं आहे. ती दोन वेगळी सर्वनामं होती. देव, प्रियकर, मूल, नोकर आणि ज्याचा पाणउतारा करायचा तो, यांना 'दाऊ'. बाकीच्यांना मानाने 'यू'. 1603 मध्ये सर वॉल्टर रॅले याच्यावर राजद्रोहाचा खटला चालला. सरकारी वकील एडवर्ड कोक याने भर न्यायालयात त्याला मुद्दाम 'दाऊ' म्हटलं, आणि आपण तसं म्हणतो आहोत हेही बजावलं. सरदाराला अरे-तुरे!

आता 'किंग लिअर'चा पहिला प्रवेश बघा. आपल्या मुलीला, कॉर्डिलियाला, बेदखल करणाऱ्या राजाला सरदार केंट समजवायला जातो. सुरुवात अदबीची, बिरुदांसकट. राजा दरडावतो आणि पुढच्याच बोलण्यात केंट एकेरीवर येतो, वर त्याला म्हातारा म्हणतो. भर दरबारात, सिंहासनावरच्या माणसाला. त्याला हद्दपारी मिळते ती सल्ल्याबद्दल की या 'दाऊ'बद्दल, हे ठरवणं मला जड जातं, बहुधा दोन्हींबद्दल.

सोप्या इंग्रजीतल्या आवृत्त्यांवर माझा राग आहे तो याचसाठी. त्या सगळ्यांना 'यू' करून टाकतात आणि दरबारातला तो चटका जातो. आजच्या इंग्रज वाचकाला तो समजावून घ्यावा लागतो. आपल्या भाषेत तू-तुम्ही शाबूत आहे, म्हणून इथे मराठी वाचक त्याच्यापेक्षा सरस ठरायला हवा. तेव्हा मूळ संहिता काढा, हातात पेन्सिल घ्या आणि कोण कोणाला कुठे 'दाऊ' म्हणतो तेवढ्याच खुणा करत चला. कोशाचं काम त्यानंतर.