उन्हावर ठपका

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना नीरा नदीच्या अलीकडे सारोळे लागते. उन्हाळा तापला की या भागात डोंगरावर वणवे पेटतात आणि मोबाइलवर अफवा. ‘टाकी पूर्ण भरू नका, उन्हाने स्फोट होईल’ हा इशारा इंडियन ऑइलच्या नावाने फिरतो. गाडीच्या उत्पादकाने ठरवून दिलेल्या मर्यादेपर्यंत टाकी कोणत्याही ऋतूत भरता येते, असा खुलासा त्या कंपनीनेच केला आहे. तरीही अर्धी टाकी भरून निघणारा शहाणा घरी मात्र पाण्याच्या प्लॅस्टिक बाटलीत पेट्रोल साठवतो, तेही चुलीपासून चार हातांवर.

ठिणगीशिवाय, नुसते तापून पेट्रोल पेटायला सुमारे 250 अंश सेल्सिअस लागतात. डिझेललाही 200 च्या वर. उन्हातला पत्रा हात पोळतो, पण या आकड्यांच्या जवळपासही जात नाही. भिंगाने किंवा अंतर्गोल आरशाने किरण एका जागी आणले तर गोष्ट वेगळी. शिर्डीच्या प्रसादालयात तसाच सूर्य स्वयंपाकाला राबतो.

मग ऊन अगदी निर्दोष? तसेही नाही. उन्हाने पेट्रोलची वाफ वाढते, कॅनमध्ये दाब चढतो, सैल बुचातून वाफ बाहेर पडते. हवेपेक्षा जड असल्याने ती जमिनीलगत पसरते आणि चूल, बिडी किंवा बटणाची ठिणगी गाठते. ऊन फक्त तयारी करून देते. काडी आपली असते.

चाऱ्याच्या गंजीचे तर उलटेच. गवत ओलसर असतानाच रचले की सूक्ष्मजीवांमुळे ते आतून तापते, उष्णता कोंडते आणि पुढे गंज आपोआप पेटू शकते. तिथे ऊन जास्त झाले नाही, वाळवताना कमी पडले!

फवारणी पंपाला, गवत कापायच्या यंत्राला पेट्रोल लागते आणि वाडीवस्तीपासून पंप लांब असतो. गरज खरी आहे आणि कायद्याने ती ओळखलीही आहे. 1934 च्या पेट्रोलियम कायद्यानुसार विक्रीसाठी नसलेले 30 लिटरपर्यंत पेट्रोल परवान्याशिवाय ठेवता येते. पण घट्ट बुचाच्या भांड्यात, धातूचे असेल तर 25 लिटरपर्यंत आणि काचेचे किंवा चिनीमातीचे असेल तर एक लिटरपर्यंत. प्लॅस्टिकची बाटली या यादीत नाही.

‘उन्हाने पेटलं’ म्हटले की चौकशी संपते. गवत जोमाने यावे म्हणून डोंगराला काडी लावणाराही याच वाक्याआड लपतो; राखीव वनात आग लावणे 1927 पासूनच्या वन कायद्याने गुन्हा आहे, तरी गावात त्याला कोणी जाब विचारत नाही. सूर्याला आरोपी करणे सोपे, कारण तो उलट बोलत नाही आणि त्याच्याशी आपली भावकीही नाही. पुढच्या आगीनंतर ग्रामसभेत नावानिशी विचारा: बाटली कोणी ठेवली, गंज ओली कोणी रचली, काडी कोणी ओढली? उत्तर आपल्याच घरातले निघाले, तरी ते लपवू नका.