आश्रिताचे अन्न

शरण आलेल्यास आश्रय द्यावा की देऊ नये, हा प्रश्न आपल्याकडे फार पूर्वीच निकालात निघालेला आहे. शिबिराजाने कबुतरासाठी स्वतःच्या देहाचे मांस कापून दिले. धर्मराज सोबत आलेल्या कुत्र्याला मागे टाकून स्वर्गात पाऊल ठेवावयास तयार झाला नाही. या कथा आपण लहानपणापासून कीर्तनांत ऐकत आलो आहो. तेव्हा त्यावर या पत्रिकेची पाने खर्ची घालण्याचे कारण नाही. आमचा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. ज्या घरात मांस-मासळीचा स्पर्श नाही, त्या घराने मांसाहारी प्राण्याला आश्रय दिला, तर त्याला खावयास काय द्यावे? आपल्या घरचे अन्न, की त्याचे स्वतःचे?

हा प्रश्न आम्हांला पोथीत भेटला नाही. गेल्या चैत्रात अग्रशाळेमागील पडवीत, जेथे मखराच्या फळ्या आणि मोडके पाट रचून ठेवलेले असतात, एक गाभण मांजरी येऊन राहिली. पाठीची हाडे मोजता यावीत इतकी ती खंगलेली होती आणि पोट मात्र जमिनीस टेकू पाहत होते. माणसाला ती बुजत नव्हती. त्यावरून कोणाच्या तरी घरी वाढलेली आणि मागे टाकलेली असावी. आमच्या मातोश्रींनी पडवीचे दार लोटून तिला आत घेतले, पाणी ठेवले, दूधभात ठेवला. दुसऱ्याच दिवशी फोंड्यातील एका पशुवैद्यांना ती दाखविली.

पोटात निदान चार पिल्ले आहेत असे त्यांनी सांगितले, आणि दूधभाताची गोष्ट ऐकून मान हलविली. मांजर हे कुत्र्यासारखे मिळेल त्यावर निभावणारे जनावर नव्हे. त्याच्या देहाची घडणच प्राणिज अन्नावर चालणारी आहे. टॉरिन नावाचे एक द्रव्य मांजराच्या शरीरात पुरेसे तयार होत नाही, आणि धान्यात वा भाजीपाल्यात ते जवळजवळ नसतेच. ते न मिळाल्यास मांजराचा नेत्रपटल झिजून ते आंधळे होते, हे १९७५ साली संशोधकांनी दाखविले. हृदयाचे स्नायूही त्यापायी दुबळे पडतात, हे १९८७ साली उघडकीस आले. गाभण मांजरीला ते कमी पडले तर पिल्ले पोटातच दगावतात किंवा अशक्त जन्मतात. गाजरातून आपणांस मिळते ते अ जीवनसत्त्व मांजराला गाजरातून घेता येत नाही. गाईचे दूध तर पुष्कळ मोठ्या मांजरांस पचतही नाही. कृत्रिम टॉरिन मिसळलेले शाकाहारी खाद्य हल्ली मिळते खरे. परंतु गाभण आणि अंगावर पाजणाऱ्या मांजरीवर तो प्रयोग करू नका, असे त्यांनी स्पष्ट बजावले.

आता घरात दोन पक्ष पडले असे म्हणणे बरोबर होणार नाही. प्रत्येकाच्या मनातच दोन पक्ष पडले. वाटा तशा पुष्कळ सुचविण्यात आल्या. दूधभात द्यावा आणि उरलेले तिचे तिने पाहावे, कोठीत उंदरांना तोटा नाही, हा सर्वांत सोपा उपाय. त्याने आपले हात स्वच्छ राहतात. पण उंदीर मरावयाचा तो मरतोच, आपण तिकडे पाहत नाही इतकेच. शिवाय पोट जमिनीस टेकलेली मांजरी उंदीर धरणार तरी कशी? मनुस्मृतीत ढोंगी धार्मिकाला ‘बैडालव्रतिक’ असे नाव आहे. मांजराच्या वाट्यास हा शब्द उगीच आला, असे आम्हांस वाटते. मांजर काही सोंग करीत नाही. उंदरावर टपताना ते ध्यानस्थ असल्याचे आपणच ठरविले.

दुसरी सूचना शेजारधर्माची. महाजन कुटुंबांपैकी पुष्कळांच्या घरी मासळी शिजते. गोव्यात हे गुपित नाही आणि त्यात उणेपणाही नाही. माशांची डोकी-शेपट्या आमच्याकडून नेत जा, असे एका काकींनी आपण होऊन सांगितले. त्यांच्या मायेबद्दल आम्ही ऋणी आहो. मात्र ‘अन्न त्यांच्या घरचे, तेव्हा दोष आपला नव्हे’ असा हिशेब त्यामागे कोणी मांडू लागेल, तर तो आम्हांस हीन वाटतो. शेजाऱ्याचे घर म्हणजे आपला दोष ठेवण्याची कोठी नव्हे. आणि सोमवारचे काय? सोमवारी बहुतेक घरी मासळी नसते. मांजरीला वार कळत नाही.

पोत्यात घालून बाजारात सोडून येण्याची वाट येथे लिहितो ती एवढ्याचसाठी, की पुष्कळ ठिकाणी तीच चालते. उपासमारीने हाल होतील अशा स्थितीत जनावर टाकून देणे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. मांजर मारल्यास काशीस सोन्याचे मांजर द्यावे लागते, हे आमच्या आळीतील पोरासोरांनाही पाठ आहे. मारण्याचे प्रायश्चित्त सर्वांना ठाऊक. जगविण्याचा विधी मात्र कोणी सांगत नाही.

राहता राहिला मुख्य आक्षेप, आणि तो पोकळ नाही. मांजरीचा जीव तो जीव, मग तारलीचा नव्हे काय? तारली आमच्या दारी आली नाही म्हणून तिचा हक्क कमी का? हिशेबच करावयाचा तर एका मांजरीपायी शेकडो मासळ्या जातील; जमाखर्चात आमची बाजू लंगडी पडते. शिबिराजाची कथा येथे मदतीस येत नाही, उलट अडचणीत टाकते. त्याने ससाण्याची भूक खोटी ठरविली नाही. ती भागविली, पण स्वतःच्या देहातून. आम्ही ती भागविणार दुसऱ्याच्या देहातून. तेव्हा शिबीचे निर्मळपण आम्हांस लाभावयाचे नाही, हे आधी मान्य केले पाहिजे.

तरीही तिला तिचेच अन्न द्यावे, या निर्णयास आम्ही आलो. मासळीपेक्षा मांजरीचा जीव मोलाचा, असे आमचे म्हणणे नाही. परंतु कर्तव्य हे जिवांच्या मोलावरून ठरत नाही. ते आपल्या कृतीतून उत्पन्न होते. मोकळ्या हिंडणाऱ्या मांजरीने काय खावे, हे ठरविणे आमच्याकडे नव्हते. ज्या दिवशी पडवीचे दार लोटून तिला आत ठेवले, त्या दिवशी तिची शिकार आम्ही बंद केली. आणि जे बंद केले ते भरून देणे आमच्याकडे आले. आत घ्यावयाचे आणि आत तिला न मानवणाऱ्या अन्नावर झिजवावयाचे, ही अहिंसा नव्हे. ती दाराआडची हिंसा होय, आणि तिचा पहिला भार न जन्मलेल्या पिल्लांवर पडावयाचा.

आपल्या देवस्थानांचा इतिहास आठवला तर ही गोष्ट आपणांस परकी वाटू नये. १५६० साली कुशस्थळीहून श्रीमंगेशाचे लिंग प्रियोळास आणले गेले. वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास आली, केळोशीची शांतादुर्गा कवळ्यास आली. अंत्रुज महाल तेव्हा पोर्तुगिजांच्या हद्दीबाहेर, विजापूरच्या आदिलशाही अमलाखाली होता. राज्यकर्त्यांचा धर्म वेगळा. परंतु येथे आलेल्या देवांची पूजा देवांच्याच पद्धतीने चालली, नैवेद्य त्यांचाच राहिला. बसावयास जागा देतो, पण धूपदीप नको, असे कोणी म्हटले असते, तर त्याला आपण आश्रय म्हटले असते काय? देवाची आणि मांजरीची बरोबरी आम्ही करीत नाही. आश्रय या शब्दाचा अर्थ तेवढा त्या घटनेवरून घेतो.

आमच्या तीर्थरूपांनी सर्व ऐकून घेतले आणि व्यवस्था लावून दिली. मासळी घरात शिजावयाची नाही, देवळाच्या आवारात न्यावयाची नाही. परसात वेगळी चूल आणि वेगळे भांडे असावे. ते हाताळणाऱ्याने स्नान केल्यावाचून पूजेच्या साहित्यास शिवू नये. हे काम आम्ही पत्करले. तारली मीठ-मसाल्यावाचून उकडावयाची, काटे काढावयाचे, आणि जोडीला पिल्लांसाठी मिळते ते कोरडे खाद्य द्यावयाचे. गाभण मांजरीलाही तेच मानवते. कांदा-लसूण मांजराला विषासमान आहे, तेव्हा एवढ्यापुरते तिचे आणि आमच्या घराचे पथ्य जुळले! कोरडे खाद्य दिसावयास अगदी निरुपद्रवी असते. एक गृहस्थ म्हणाले, हेच बरे, यात मांस दिसत तरी नाही. आमचे मत उलट आहे. त्यात कोंबडी असते, हे पिशवीवर छापलेले असते. ते वाचूनच भांड्यात घालावे.

वैशाखात एका पहाटे मांजरी व्याली. चार पिल्ले, तीन शंभर ग्रॅमच्या आसपास, चौथे जेमतेम सत्तर. डोळे मिटलेले, कान दुमडलेले. या वयात त्यांना स्वतःची ऊबही राखता येत नाही. आईने चाटल्यावाचून लघवीसुद्धा होत नाही. पहिल्या दिवसाचा चीक प्रत्येकाच्या पोटात जातो की नाही, एवढे पाहावे. जागा उबदार आणि अंधारी ठेवावी, कापड बदलावे, रोज ठरल्या वेळी वजन करावे. दिवसाला दहा-पंधरा ग्रॅम वाढले की समजावे, सर्व ठीक आहे. याहून अधिक हात लावू नये. मांजरीला ते खपत नाही. लहानग्याला मात्र इतर पिल्ले ढकलीत. त्याला ऊब देऊन, पालथे धरून, पिल्लांसाठीचे तयार दूध दर दोन तासांनी थेंबाथेंबाने पाजले. तिसऱ्या रात्री ते गेले. तीर्थरूपांनी स्वतः खड्डा खणून कुंपणाजवळ त्याला पुरले आणि मग स्नानास गेले.

सहाव्या रात्री मातोश्रींनी पडवीत पणती लावली. सटीचा हा मान माणसाच्या बाळाचा, मांजरीच्या पिल्लांस कसला, असे एका आजींनी हसत विचारले. परंतु षष्ठीदेवीचे वाहन मांजरच आहे; बंगालात तिची तशी मूर्ती असते. बाळंतिणीच्या या देवतेने असे वाहन निवडावे, यात नवल वाटू नये. तिसऱ्या आठवड्यात मांजरी पूर्वीच्या दुपटीहून अधिक खाऊ लागली, तरी तिच्या अंगी काही लागेना. सारे पिल्लांकडे जाई. परसात उकडलेल्या तारलीचे पडवीत दूध होताना आम्ही रोज पाहत होतो.

याच सुमारास तिने पिल्ले मानगुटीस धरून एकेक करून मखराच्या फळ्यांमागून माळ्याखाली हलविली. मांजर पिल्लांना सात घरे दाखविते, असे आपण म्हणतो. मानगूट धरताच पिल्लू हातपाय आखडून निश्चल होते. धडपडत नाही, चिकटतही नाही. श्रीवैष्णवांमध्ये तेराव्या-चौदाव्या शतकांपासून जो वाद झाला, त्यातील मार्जारन्याय तो हाच. माकडाचे पोर आईला आपण होऊन बिलगते, मांजरीचे पिल्लू सर्व भार तिच्यावर टाकते. भक्ताने कोणासारखे असावे, यावरून वडकलै आणि तेंकलै असे दोन पंथ झाले. आचार्यांचे निरीक्षण अचूक आहे. पण त्या दृष्टान्तात मांजरी आहे, पिल्लू आहे. मांजरीने त्या दिवशी काय खाल्ले होते, ते नाही. दृष्टान्ताला त्याची गरज नसते. पडवीला असते.

आणखी एक प्रश्न याच निर्णयाच्या पोटी आला. पिल्ले अंगावर पीत असतानाच मांजरी पुन्हा गाभण राहू शकते, आणि मादी पिल्लू चार-पाच महिन्यांतच वयात येते. एका मांजरीच्या तारलीचा भार आम्ही पत्करला. पुढील वर्षी दहा मांजरींचा पत्करणार काय? सृष्टिक्रमात हात घालू नये, असे शस्त्रक्रियेविरुद्ध काही वडीलधाऱ्यांनी सांगितले. त्यांच्याविषयी आदर बाळगून आम्ही म्हणतो, की हात तर दार लोटले तेव्हाच घातला. पिल्लांचे दूध तुटल्यावर आषाढात मांजरीची शस्त्रक्रिया झाली. तिसऱ्या दिवशी ती फळ्यांवर चढून बसली.

पिल्ले आठ आठवड्यांची होईपर्यंत आईजवळ ठेवली. दोन गेली, दोन्ही घरी मासळी शिजते. तिसरे, करड्या पट्ट्यांचे, मागण्यास एक शुद्ध शाकाहारी कुटुंब आले होते. दूधभातावर भागेल ना, असे त्यांनी विचारले; आम्ही वरील सर्व हकिकत सांगितली. विचार करून कळवितो, असे म्हणून ते गेले. त्यांचा निरोप येईपर्यंत ते पिल्लू दुसऱ्या कोणास द्यावयाचे नाही, असे तीर्थरूपांनी सांगितले आहे.