अर्धा वळसा

चंडीगडला सेक्टर 30 मध्ये मुलीकडे आले की हवा बदलल्याचं मला आधी नातवाच्या शिंकांवरून कळतं. वसंतात आणि शरदात इथल्या हवेत परागकण दाटतात. पीजीआय ही वैद्यकीय संस्था आणि पंजाब विद्यापीठ यांच्या संशोधकांनी 2022 मध्ये शहराचं परागकण-कॅलेंडरच तयार केलं आहे. परवा रात्री तीन वर्षांच्या नातवाचं नाक वाहू लागलं, चोळून चोळून डोळे लाल झाले. डॉक्टरांनी अ‍ॅलर्जीसाठी लिहून दिलेली सेटिरिझिनची बाटली मी उचलली, स्वयंपाकघरातला चमचा घेतला, तोच मुलगी म्हणाली, "आई, थांब. चमच्याने नको."

तिने बिनसुईची सिरिंज काढली. औषध ओढून रेघ डोळ्यांसमोर आडवी धरली, बुडबुडा घालवला, दट्टा पुन्हा रेघेवर आणला आणि गालाच्या आतल्या बाजूने थोडं थोडं करून औषध पाजलं. मग फ्रिजवरच्या कागदावर वेळ लिहिली. जावई रात्री उशिरा येतात. शिंका ऐकून त्यांनी पुन्हा पाजू नये म्हणून.

मला आजीची सहाण आठवली. बाळगुटी उगाळताना आजी प्रत्येक मुळीचे वळसे मोजायची. बाळ महिन्याचं आहे की सहा महिन्यांचं, यावर ते ठरायचे. जायफळाला तर अर्ध्या वळशावर तिचा हात थांबायचा. "जास्त झालं तर लेकरू सुस्तावेल," म्हणायची. सहाण माळ्यावर गेली, बाटल्या आल्या. पण मोजायची ती सवय आपण बाटलीकडे आणलीच नाही.

घरातला एक चमचा अडीच मिलीचा असतो, दुसऱ्यात सात मिली मावतं. थेंबांची बाटली आणि सिरपची बाटली यांत तर फारच फरक. सर्दीच्या थेंबांत 1 मिलीला जेवढं औषध असतं, तेवढंच अनेकदा सिरपच्या 5 मिलीत असतं. थेंब सिरपसारखे 5 मिली पाजले, तर पाचपट औषध पोटात जातं. डॉक्टर मात्रा काढतात ती समोरच्या मुलाचं वय आणि वजन पाहून. म्हणून थोरल्याची उरलेली बाटली धाकट्याला चालत नाही. अ‍ॅलर्जीचंच औषध सर्दीच्या मिश्र सिरपमध्येही असू शकतं, म्हणून दोन्ही बाटल्या डॉक्टरांना दाखवाव्यात. आणि प्रवासात मूल झोपावं म्हणून तर हे औषध कधीच देऊ नये. त्याने एखादं मूल गाढ सुस्तावतं, एखादं उलट रात्रभर बेचैन होतं.

कधी कधी योग्य मात्रा शून्य असते, हे आपल्या मनाला पटायला सर्वांत जड जातं. सर्दीच्या औषधांतलं क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलेफ्रिन यांचं मिश्रण 4 वर्षांखालील मुलांना देऊ नये, अशी सूचना छापण्याचा आदेश औषध नियंत्रकांनी डिसेंबर 2023 मध्ये दिला. 2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात छिंदवाड्याची लेकरं विषारी सिरपने दगावली. त्यांतल्या कितीतरी जणांना उपचारासाठी नागपूरला आणलं होतं. तिथे दोष मात्रेचा नव्हता, बाटलीतच विष होतं. पण त्याच वेळी केंद्राने पुन्हा बजावलं, की 2 वर्षांखालील मुलांना खोकला-सर्दीची औषधं देऊच नयेत. साधी सर्दी बहुतेक वेळा आपली आपण बरी होते. तोवर लेकराला मांडीवर घेऊन बसणं, हाही उपचारच.

सकाळी फिरायला जाते तेव्हा वाटेत केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संघटनेचं आवार लागतं. 1959 मध्ये स्थापन झालेली ही संस्था मोजमापाची नाजूक उपकरणं घडवते. त्या आवारापाशी आज मनात आलं, मोजणं म्हणजे कोरडेपणा नव्हे. ज्याची काळजी वाटते त्याच्यासाठीच माणूस हात आवरतो. प्रेमाने द्यायचं ते भरभरून द्यावं, औषध मात्र रेघेपुरतंच.

आज रात्रीची मात्रा मी दिली. आधी फ्रिजवरचा कागद वाचला, मग सिरिंज दिव्याखाली डोळ्यांसमोर धरली. रेघेशी दट्टा टेकला आणि आजीचा हात सहाणेवर थांबायचा तसा माझाही हात थांबला.