देहावरून निवाडा

पेण तालुक्यातील जोहे आणि शेजारचे हमरापूर ही गावे गणेशमूर्तींच्या कारखान्यांसाठी महाराष्ट्रभर ओळखली जातात. रंग चढण्यापूर्वीच्या मूर्तींच्या तेथील रांगा पाहण्यासारख्या असतात. डोळ्यांची आखणी व्हायची असते, दागिन्यांना सोनेरी लागायचे असते. पोट मात्र साच्यातूनच गोल, भरीव होऊन आलेले असते. लंबोदर हे नावच त्या पोटावरून पडले. आपल्या हिंदू शेजाऱ्यांकडे याविषयी एक कथा सांगतात. भरल्या पोटी उंदरावरून जाताना गणपती घसरून पडला, ते पाहून चंद्र हसला आणि त्याला शाप मिळाला. म्हणून गणेश चतुर्थीच्या रात्री चंद्राकडे पाहायचे नाही. दुसऱ्याच्या देहाला हसणे हा दंडनीय अपराध आहे, हे आपल्या मातीत इतके जुने आहे.

तरीही त्याच मातीतली आपण माणसे जाड्या, ढोल्या, भोपळा ही नावे किती सहज वापरतो! लग्नाच्या मांडवात वर्षभराने भेटलेली मावशी पहिले वाक्य बोलते ते हेच, "किती गं सुटलीस!" त्यानंतर तीच मावशी आग्रहाने पानात आणखी दोन वडे घालते. नको म्हटले तर राग, खाल्ले तर थट्टा. वधू पाहिजेच्या जाहिरातीत 'सडपातळ' हा शब्द शिक्षणाच्या आधी येतो, त्यात आपल्या समाजाच्या जाहिरातीही आल्या.

थट्टेची ताकद किती असते, याचे एक उदाहरण मुंबईच्या चित्रसृष्टीत आहे. उमादेवी खत्री या गायिकेने १९४७ च्या 'दर्द' चित्रपटात नौशादांच्या संगीतात गायिलेले गाणे देशभर गाजले. पुढे त्या पडद्यावर आल्या, त्यांना 'टुणटुण' हे नाव मिळाले आणि त्यांचा देह हाच विनोद ठरला. २००३ साली त्या वारल्या. शाळेच्या मैदानात जाड मुलीला चिडवायला ते नाव पिढ्यान्‌पिढ्या वापरले गेले. चिडवणाऱ्यांपैकी कितीजणांना त्या नावामागचा आवाज ठाऊक होता?

२०१७ च्या फेब्रुवारीत मुंबईत दोन घटना घडल्या. इजिप्तहून एका स्त्रीला मालवाहू विमानाने उपचारांसाठी आणले गेले. तिचे वजन पाचशे किलोच्या आसपास सांगितले जात होते. वाहनातून तिला उचलायला क्रेन लागली आणि ते दृश्य साऱ्या जगाने पाहिले. त्याच महिन्याच्या २१ तारखेला महापालिकेचे मतदान होते. एका नामवंत लेखिकेने एका स्थूल पोलिसाचे छायाचित्र प्रसिद्ध करून 'आज मुंबईत भारी बंदोबस्त' अशा अर्थाची कोटी केली. हा अधिकारी आमचा नव्हे, असे मुंबई पोलिसांनी लगेच कळवले. तो मध्य प्रदेशातला निरीक्षक निघाला. त्याचे म्हणणे असे, की १९९३ सालच्या पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर शरीराचे तंत्र बिघडले आणि वजन वाढत गेले. बाईंना एवढीच काळजी असेल, तर त्यांनी उपचारांचा खर्च करावा, असेही तो म्हणाला. पुढे त्याच्यावर उपचार झाले तेही त्या इजिप्शियन स्त्रीच्याच रुग्णालयात. ती बिचारी त्याच वर्षी सप्टेंबरात अबूधाबीत वारली.

हसणाऱ्यांच्या मनात दुष्टावा असतोच, असे आम्हांला म्हणायचे नाही. त्यांच्या मनात एक अनुमान असते: हा जाड आहे, म्हणजे हा खादाड आहे, आळशी आहे, याला स्वतःवर ताबा नाही. येथे प्रश्न नीतीचा होतो, कारण देहाच्या आकारावरून आपण आत्म्याचा निवाडा करतो. आणि आपण ख्रिस्ती माणसे या निवाड्याला धर्माचा आधार आहे असे समजतो. खादाडपणा सात प्रमुख पापांत मोडतो ना!

मोडतो, पण महान संत ग्रेगरी यांनी त्याचे पाच प्रकार सांगितले आणि संत थॉमस अक्विनास यांनी ते उचलून धरले, ते वाचावेत. वेळेआधी खाणे, उंची पदार्थांचाच हव्यास धरणे, प्रमाणाबाहेर खाणे, अधाशीपणे खाणे आणि जिभेचे फाजील चोचले पुरवणे. पाचांपैकी प्रमाणाचा प्रकार एकच, आणि कंबरेच्या घेराचा एकही नाही. बांगडा जरा करपला म्हणून बायकोसमोर ताट भिरकावणारा सडपातळ गृहस्थ या यादीत बसतो. घरच्यांचे उरलेसुरले खाऊन पहाटेची गाडी पकडणारी त्याची स्थूल पत्नी बसतेच असे नाही. स्वतः अक्विनास अंगाने थोर होते. सहाध्यायी त्यांना मुका बैल म्हणत. प्रत्यक्ष प्रभू येशूलाही विरोधकांनी खादाड आणि दारुडा म्हणून हिणवल्याचे मत्तय आणि लूक नोंदवतात. तोही ताटावरून केलेला निवाडाच होता.

शास्त्रही हेच सांगते की डोळा येथे फसतो. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये आपली दोघांची छायाचित्रे शेजारी शेजारी छापली. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, दोघेही दिसायला शिडशिडीत. पण शरीरातील चरबी युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्यात २१.२ टक्के! काटकुळ्या दिसणाऱ्या भारतीयाच्या पोटात मधुमेहाची तयारी चाललेली असू शकते. उलट वजन वाढण्यामागे आनुवंशिकता, स्टेरॉइड किंवा इन्सुलिनसारखी औषधे, रात्रपाळी, स्वस्त तेल-साखर अशी कितीतरी कारणे असतात.

यावर एक रास्त आक्षेप आहे. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील २४ टक्के स्त्रिया आणि जवळजवळ २३ टक्के पुरुष अतिवजनी किंवा लठ्ठ आढळले. मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखी ही दुखणी खरी आहेत. मग हितचिंतकाने बोलायचेच नाही का? बोलावे, पण कोणी, कुठे आणि कशासाठी, हे पाहून. डॉक्टरने दार लावून, रुग्णाची परवानगी घेऊन बोलणे आणि दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत काट्यावरचा आकडा मोठ्याने ओरडणे, यांत फरक आहे. लाज वाटून माणूस बारीक होतो, हा समज तर निराधार आहे. २०२० साली 'नेचर मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या निवेदनात लठ्ठपणाचा कलंक देहाला आणि मनाला अपाय करतो, उपचारांच्या आड येतो, असे नमूद आहे. दुखले तरी डॉक्टरकडे न जाणारी माणसे आपल्याही धर्मग्रामात आहेत. तेथे पहिले बोलणे वजनाचेच निघणार, हे त्यांना ठाऊक असते.

आता थोड्याच दिवसांत नाताळच्या नाटुकल्याच्या तालमी सुरू होतील. धर्मशिक्षण वर्गातल्या जाड मुलाला सराईवाल्याची नाहीतर सांताक्लॉजची भूमिका देण्याचा आपला प्रघात आहे. पोटाला उशी बांधावी लागत नाही, असे वर हसून सांगितले जाते. शिक्षकांना आमची विनंती, की यंदा त्याला एकदा विचारावे. गाब्रिएल दूताची वाक्ये कदाचित त्याला आधीपासून पाठही असतील.