तू कोणाचा?

आपल्या खेड्यापाड्यांत परका मनुष्य आला म्हणजे त्याला 'तू कोण?' असे सहसा कोणी विचारीत नाही, 'तू कोणाचा?' असे विचारतात. पारावर बसलेला म्हातारा वाटेने जाणाऱ्या पोराला हाच प्रश्न करतो, आठवड्याच्या बाजारात ओळख निघते ती याच प्रश्नाने, आणि सोयरिकीची बोलणी तर त्यावाचून पुढे सरकतच नाहीत. विचारणाऱ्याला त्या मनुष्याचे गुण अथवा त्याची विद्या जाणून घ्यावयाची नसते. त्याच्या पाठीशी कोण उभा आहे, संकटसमयी त्याच्यासाठी कोण धावून येईल, त्याने काही आगळीक केली तर जाब कोणाला विचारावा, एवढे त्याला समजून घ्यावयाचे असते. 'मी कोण?' या प्रश्नावर पंडितांनी पुष्कळ ग्रंथ रचले आहेत. तथापि आमच्या गावकऱ्यांचा प्रश्न सत्याच्या अधिक जवळ आहे, असे आम्हांस वाटते.

परंतु प्रिय वाचकहो, आपणांपैकी बहुतेकांच्या वाडवडिलांना हा प्रश्न ऐकून धडकी भरत असे. उत्तर दिले की दार बंद होई. वस्ती गावकुसाबाहेर, पाणी दुसऱ्याने वरून ओतले तर मिळावयाचे, आणि वाटेत थोर मनुष्य भेटला की दुरूनच वाकून जोहार करावयाचा. नावेसुद्धा कशी? कचऱ्या, धोंड्या, भिक्या. यांतील काही नावे आईनेच प्रेमाने ठेवलेली असत हे खरे. आधीची लेकरे दगावलेली असली म्हणजे या पोराकडे तरी मृत्यूचे लक्ष जाऊ नये, म्हणून ती माउली त्याला कचरा म्हणे. पण गावाला त्या मायेशी काय कर्तव्य? गावाने नावातला कचरा तेवढा उचलला. अशा मनुष्याला कोणी 'तू कोणाचा?' म्हणून विचारले, तर 'मी पाटलाचा, मी गावाचा' असे तो सांगे. म्हणजे माझ्यावर ज्याचा हक्क चालतो त्याचा मी. माझी काळजी वाहणारा कोण, हे त्याला सांगता येत नसे.

पवित्र शास्त्रात अशाच एका स्त्रीची हकिकत आहे, आणि ती आपल्या उपासनांतून फार थोडी वाचली जाते, याचे आम्हांस नवल वाटते. उत्पत्तीच्या सोळाव्या अध्यायातली हागार ही मिसर देशची दासी. तो अध्याय सावकाश वाचून पाहावा. साराय तिच्याविषयी बोलते तेव्हा 'माझी दासी' म्हणते. अब्राम बोलतो तेव्हा 'तुझी दासी' म्हणतो. त्या विश्वासी घराण्यातील दोघांच्याही मुखातून तिचे नाव एकदासुद्धा निघत नाही. जाच असह्य होऊन ती गरोदर स्थितीत रानात पळून जाते, आणि तेथे झऱ्यापाशी परमेश्वराचा दूत तिला गाठतो. तिला नावाने हाक मारणारा त्या कथेत तोच पहिला. कोठून आलीस आणि कोठे जातेस, असे तो तिला विचारतो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर ती देते. दुसऱ्याचे तिच्यापाशी नाही, कारण पळणाऱ्याला मागचे ठाऊक असते, पुढचे ठाऊक नसते.

मग एक विलक्षण गोष्ट घडते. ही दासी देवाला नाव ठेवते. मला पाहणारा देव, असे ती त्याला म्हणते, आणि त्या विहिरीलाही तेच नाव पडते. मोठमोठ्या कुलपतींनी वेद्या बांधल्या, स्थळांना नावे दिली. पण देवालाच अशा रीतीने नाव देण्याचा मान एका परक्या, विकत मिळणाऱ्या बाईच्या वाट्याला आला. तिच्यावर सत्ता गाजविणारे पुष्कळ होते. तिला पाहणारा कोणी नव्हता. आपणाकडे कोणी पाहिले एवढ्यानेच ती उठून उभी राहिली. ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानला गेला, त्यांच्या नातवंडांना या वचनाचा अर्थ समजावून सांगण्यास फारसा टीकाग्रंथ लागू नये.

येथे प्रामाणिक वाचक आडवा प्रश्न घालील, आणि त्याने तो घालावाच. देवाने तिला पाहिले, मग परत त्याच मालकिणीकडे का धाडले? आमच्याकडे तो पाहतो, मग पाऊस का पडत नाही, विहीर का आटते, सावकाराचे देणे का फिटत नाही, पोर तापाने का जाते? ज्याला देव सांभाळतो त्याचे दुःख निवारण झालेच पाहिजे, असे जर आम्ही शिकवू लागलो, तर पहिल्याच दुष्काळात आमची शिकवण मोडून पडेल, आणि जे दुःखी आहेत त्यांच्यावर अविश्वासाचा आळ येईल तो वेगळाच. काही उपदेशक असे शिकवितात. ते रोग्याच्या खाटेपाशी उभे राहून त्याचे पाप शोधतात. ईयोबाच्या मित्रांनी हेच केले, आणि देव त्यांच्यावर संतप्त झाला, हे ते विसरतात.

पंडिता रमाबाईंचे चरित्र या ठिकाणी डोळ्यांपुढे येते. दुष्काळाच्या वणवणीत त्यांनी आईबाप व बहीण गमावली. पुढे १८८० साली भाऊ गेला. १८८२ साली पती गेले, तेव्हा विवाहाला दोन वर्षेही झाली नव्हती. १८८३ साली इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर दुःखाने त्यांचे दार ओळखले नाही असे झाले काय? १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी शेकडो उपाशी मुली केडगावी आणून सांभाळल्या; आणि ज्या एकुलत्या एका कन्येवर त्या कामाची भिस्त होती ती मनोरमा १९२१ साली त्यांच्या हयातीतच वारली. रमाबाईंनी शास्त्राच्या भाषांतराचे काम सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्याही निवर्तल्या. जिला स्वतःला दुष्काळाने पोरके केले तिने दुष्काळातल्या पोरक्यांना पोटाशी धरले, यात देवाचा सांभाळ कसा वाहतो ते दिसते. तो मनुष्याजवळ येऊन थांबत नाही. त्याच्यातून पुढे जातो. हागारेलाही रानातून परत पाठविले ते रिकाम्या हाताने नव्हे. पोटातल्या लेकराचे नाव तिला सांगितले होते, इश्माएल, म्हणजे देव ऐकतो. आणि घरात जी बाई तिचे नाव घेत नव्हती तिच्यासमोर रोज त्या पोराला हाक मारताना देव ऐकतो हेच शब्द तिच्या तोंडून निघणार होते. एवढ्याने तिच्यावरील अन्याय न्याय ठरला असे आम्ही म्हणत नाही. तो अन्यायच होता.

दुसरा आक्षेप आपणांस बाजारात नेहमी ऐकावा लागतो. तुमचे आजेपणजे १८७६-७८ च्या अथवा १८९९-१९०० च्या दुष्काळात धान्यासाठी ख्रिस्ती झाले, असे लोक म्हणतात, आणि आपले तरुण खाली मान घालतात. मान खाली घालण्याचे आम्हांस काही कारण दिसत नाही. उपाशी लेकरू आईकडे भाकरीसाठीच येते. तेवढ्याने ती आई आणि ते लेकरू, हे नाते खोटे ठरत नाही. आपल्या प्रभूने भाकरीसाठी मागे लागलेल्या लोकसमुदायाला बोल लावला खरा. पण त्यांना आधी पोटभर जेवू घातले आणि मग बोल लावला, हा क्रम ध्यानात ठेवावा. आजोबा कशासाठी आले हा प्रश्न त्यांच्याबरोबर देवाघरी गेला. नातू कशासाठी राहिला आहे, एवढेच आता विचारता येईल.

हा दुसरा प्रश्न मात्र बोचणारा आहे. कित्येक ठिकाणी आम्ही पाटलाचे होतो ते साहेबांचे झालो. मिशनरी साहेब हेच मायबाप, शाळा त्यांची, दवाखाना त्यांचा, पगार त्यांचा. त्यांचे उपकार थोडे नव्हेत. १८३१ साली अहमदनगरास, म्हणजे आताच्या अहिल्यानगरास, अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे पडले नसते तर या वाचकांपैकी कित्येकांच्या घरी अक्षर पोचण्यास किती काळ लागला असता कोण जाणे. पण वाढणारा हात पाहता पाहता धान्य पिकविणारा विसरला गेला. कविवर्य नारायण वामन टिळकांनी हे ओळखले होते. १९१७ साली मिशनच्या नोकरीतून मोकळे होऊन त्यांनी साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला. ख्रिस्ताचे होण्यासाठी साहेबांचे होण्याची गरज नाही, हे त्यांना स्वतःच्या उदाहरणाने दाखवावयाचे होते. पुढे साहेब स्वदेशी गेले, आणि १९७० साली नागपूर येथे उत्तर भारतीय मंडळीची स्थापना होऊन कारभारही आपल्याच हाती आला. त्यानंतर ज्या गावी मंडळी ओस पडली, तेथे लोक कोणाचे होते हे कळून आले. आणि ज्या गावी पगारी उपदेशक नसताही एखादी म्हातारी रविवारी दिवा लावून चार पोरांना प्रार्थना शिकवीत राहिली, तेथेही कळून आले.

आता एका नाजूक गोष्टीविषयी बोलणे भाग आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचे हक्क हिंदूंपुरते ठेवले गेले. ते १९५६ साली शिखांस आणि १९९० साली बौद्धांस मिळाले. त्याच वस्तीतल्या, त्याच हालअपेष्टा सोसलेल्या ख्रिस्ती माणसाला मिळाले नाहीत. म्हणून पुष्कळांचे कागदोपत्री एक नाव असते आणि मंडळीच्या पुस्तकात दुसरे. अशा बांधवावर व्यासपीठावरून कोरडे ओढणे आम्हांस मान्य नाही. बाप्तिस्म्याने वस्ती बदलली नाही, विहीर बदलली नाही, गावाची नजर बदलली नाही. मग कागदानेच काय ते ओळखावे की हा आता निराळा झाला? हा अन्याय सरकारने दूर करावा यासाठी खटपट करणे हे ख्रिस्ती कर्तव्यच आहे. तथापि भीतीने गप्प राहणे आणि लाजेने नाकारणे यांत भेद आहे. मुलाच्या शिक्षणासाठी जुना दाखला जपून ठेवणारा बाप निराळा. आणि पाहुणे आले म्हणजे भिंतीवरचा वधस्तंभ उतरवून पेटीत ठेवणारा, मुलाने कारण विचारले तर त्यालाच दटावणारा बाप निराळा. पहिल्याचे दोन कागद असतील, पण मूल कोणाचे हे मुलाला ठाऊक असते. दुसऱ्याच्या मुलाला ते कोण सांगणार?

आणि उपदेशक बंधूंनो, मंडळीतल्या बैठकीकडेही एकवार पाहा. पूर्वीचे महार एकीकडे, पूर्वीचे मांग दुसरीकडे, आणि सोयरिकीच्या वेळी प्रभूभोजनाचे एक भांडे कोणाला आठवत नाही, हा प्रकार अजून कोठे कोठे चालतो. जो स्वतः देवाचा म्हणवितो त्याने दुसऱ्याला 'तू कोणाचा?' असे जुन्या अर्थाने विचारणे म्हणजे आपल्याच पायाखालची पायरी खणणे होय. मेंढपाळ संध्याकाळी मेंढरे जाळ्यांच्या कुंपणात घेतो तेव्हा एकेकाला मोजून घेतो. काळे मेंढरू आणि पांढरे मेंढरू यांची त्याच्या मोजणीत निराळी रांग नसते. पाणी मिळावे म्हणून २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकरांच्या मागे हजारो लोकांना जावे लागले. त्या देशात मंडळीनेच आपल्या अंगणात दोन माठ ठेवावे, याहून लज्जास्पद ते काय?

हागारेची कथा सोळाव्या अध्यायात संपत नाही. एकविसाव्या अध्यायात तिला घरातून कायमची काढून दिली जाते. भाकर आणि पाण्याची एक मसक, एवढीच शिदोरी. पाणी संपते, ती लेकराला झुडपाखाली टाकते, आणि त्याचे मरण पाहवत नाही म्हणून बाणाच्या टप्प्याइतकी दूर जाऊन रडत बसते. देवाचा दूत तिला पुन्हा नावाने हाक मारतो आणि देव तिचे डोळे उघडतो. तेव्हा तिला विहीर दिसते. ती मसक भरून आणते आणि लेकराला पाजते. त्या विहिरीवर तिला कोणी हटकले नाही.

पहिल्या विहिरीचे पुढे काय झाले तेही शास्त्रात लिहिले आहे, पण पंचविसाव्या अध्यायात, वंशावळीच्या मध्ये, एका ओळीत. म्हणून ते नजरेतून सुटते. अब्राहाम मरण पावल्यावर त्याचा वारस इसहाक, म्हणजे त्याच मालकिणीचा मुलगा, दासीने नाव दिलेल्या त्या विहिरीजवळ जाऊन राहिला.