मौन म्हणजे संमती?

महाभारतातल्या द्यूतसभेत द्रौपदीने दूत प्रातिकामीकरवी विचारलेला प्रश्न मुळात अधिकाराचा होता. युधिष्ठिर आधी स्वतःला हरला की तिला? जो स्वतःचाच धनी उरला नाही, त्याला दुसऱ्याला पणाला लावायचा हक्क कुठून आला? धर्म फार सूक्ष्म आहे, असे म्हणून भीष्मांनी हात टेकले. बाकीच्यांनी माना खाली घातल्या. विकर्ण तेवढा बोलला, त्यालाही कर्णाने गप्प केले. विदुराने मात्र प्रल्हादाची कथा सांगून सभेला बजावले, की प्रश्न समोर आला असताना जाणता सभासद गप्प बसला तर अधर्माचा वाटा त्याच्याही पदरात पडतो.

आजच्या विधिमंडळांनाही हेच दोन प्रश्न लागू पडतात. लोकांनी दिलेला कायदा करण्याचा अधिकार परस्पर तिसऱ्याला देता येतो का? आणि त्या तिसऱ्याने केलेले नियम समोर येऊनही सभागृह काही बोललेच नाही, तर ती संमती धरायची का?

कायदा सभागृहात होतो, पण माणसाच्या वाट्याला येतो तो नियम. माहितीचा अधिकार अधिनियम 2005 सालचा. अर्ज किती शब्दांचा असावा, याबद्दल त्यात अवाक्षर नाही. जानेवारी 2012 मध्ये महाराष्ट्र सरकारने नियमांत दुरुस्ती करून अट घातली, की अर्ज दीडशे शब्दांत बसला पाहिजे आणि एकाच विषयाचा असला पाहिजे. कचेरीबाहेर बाकावर बसून दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट चिकटवणारा माणूस त्यामुळे शब्द मोजू लागला. रेशन आणि नळयोजना, दोन्हींबद्दल विचारायचे तर दोन अर्ज आणि दोन तिकिटे. त्याच वर्षी जुलैत केंद्राने स्वतःचे नियम केले. तिथे मर्यादा पाचशे शब्दांची आहे, आणि शब्द वाढले एवढ्याच कारणाने अर्ज फेटाळता येणार नाही, असेही म्हटले आहे. कायदा एकच, हक्कही तोच. माप मात्र नियम करणाऱ्याने ठरवले.

या अधिनियमाचे कलम 29 शेजारी ठेवून वाचावे. केंद्राचे नियम संसदेच्या प्रत्येक सभागृहापुढे एकूण 30 दिवस ठेवायचे, आणि दोन्ही सभागृहांनी ठरवले तर ते बदलता येतात किंवा रद्द करता येतात. राज्यांसाठी एकच वाक्य आहे. राज्य सरकारचे नियम अधिसूचनेनंतर शक्य तितक्या लवकर विधानमंडळापुढे ठेवावेत. ठेवल्यावर पुढे काय, ते कलम सांगत नाही. 1979 मध्ये अ‍ॅटलस सायकल कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तर असे ठरवले, की कायद्यात अशी नुसती ‘पुढे ठेवावे’ एवढीच तरतूद असेल, तर ते राहून गेले म्हणून आदेश रद्दबातल होत नाही.

इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकने सतराव्या शतकातच अधिकार असा पुढे देण्याला हरकत घेतली होती. विधिमंडळाचा अधिकार मुळात लोकांनी सोपवलेला आहे, म्हणून तो त्याला पुढे कुणाच्या हाती देता येत नाही, असे त्याचे म्हणणे. तत्त्व निर्मळ आहे, पण राज्य त्यावर चालत नाही. दुधातल्या भेसळीची चाचणी कशी करायची किंवा बॉयलरची तपासणी किती दिवसांनी करायची, हे आमदारांनी मतदानाने ठरवावे असे कुणी म्हणणार नाही. 1951 च्या दिल्ली लॉज अ‍ॅक्ट प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मधला मार्ग धरला. तपशील सोपवता येतो, पण कायद्यामागचे मूळ धोरण ठरवण्याचे काम सोपवता येत नाही. दोन वर्षांनी पहिले लोकसभा अध्यक्ष ग. वा. मावळंकर यांच्या काळात अशा नियमांची छाननी करणारी समिती नेमली गेली. आज तिच्यात 15 खासदार असतात आणि मंत्र्याला तिथे जागा नसते.

एखादा नियम थेट सभागृहात उलटवायचा प्रयत्न क्वचितच होतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली एप्रिल 2011 मध्ये इंटरनेट कंपन्यांसाठी नियम निघाले. मे 2012 मध्ये केरळचे खासदार पी. राजीव यांनी ते रद्द करावेत म्हणून राज्यसभेत प्रस्ताव मांडला. प्रस्ताव पडला. पण त्या दिवशी सभागृह गप्प नव्हते. बाजू मांडली गेली, मंत्र्यांना उत्तर द्यावे लागले आणि नियमांचा फेरविचार करण्याचे आश्वासन मिळाले. हरलेल्या चर्चेनेही नियमाला उजेडात आणले.

अमेरिकेतल्या आयडाहो राज्याने मौनाचा हा प्रश्न उलटा करून ठेवला होता. तिथे तेव्हा विधिमंडळाने दरवर्षी हो म्हटले नाही, तर नियम संपत. 2019 च्या अधिवेशनात दोन सभागृहांचे जमले नाही आणि मुदतवाढीचे विधेयक मंजूर न होताच अधिवेशन आटोपले. राज्याची सगळी नियमावली, आठ हजारांहून अधिक पानांची, 1 जुलैला संपुष्टात येणार होती. गव्हर्नर ब्रॅड लिटल यांच्या प्रशासनाला जूनअखेरपर्यंत हवे ते नियम तात्पुरते म्हणून नव्याने काढावे लागले. बरेच जुने नियम त्यात गळाले. म्हणजे इथे मौनाचा अर्थ नकार झाला. पण तो नकारसुद्धा वाचून दिलेला नव्हता. दोन सभागृहांच्या भांडणात उपयोगी नियम निरुपयोगी नियमांच्या रांगेत जाऊन बसले आणि निवड पुन्हा प्रशासनाच्याच हाती गेली.

मौनाला संमती मानायचे तर गप्प बसणाऱ्याला विषय ठाऊक हवा आणि बोलायची खरी सोय हवी. द्यूतसभेतल्या ज्येष्ठांना दोन्ही होते, म्हणून विदुराचा ठपका त्यांच्यावर बसतो. पटलावर ठेवलेला आणि कुणीच न उघडलेला नियम या कसोटीला उतरत नाही. त्याला ‘सभागृहाने मान्य केलेला’ म्हणणे खोटे आहे. राज्यांच्या नियमांनाही 30 दिवसांची मुदत आणि रद्द करण्याची वाट हवी, आणि छाननी समितीचे अहवाल सभागृहात चर्चेला यायला हवेत.

नागरिकालाही यात काम आहे. पुष्कळ नियमांचा मसुदा आधी राजपत्रात येतो आणि त्याखाली हरकती व सूचना पाठवण्याची मुदत दिलेली असते. आपल्या धंद्याशी, शेतीशी, शाळेशी संबंध असलेला असा एक तरी मसुदा वाचकाने वाचावा, मुदतीत लेखी हरकत द्यावी आणि तिची प्रत आपल्या आमदाराकडे पोहोचवावी.