शेजारचा दगड

नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधलं मध्यवर्ती संग्रहालय आमच्याकडं कुणाला विचारलं तर लवकर समजत नाही. अजब बंगला म्हटलं की लगेच रस्ता सांगतात. १८६३ साली, रिचर्ड टेंपल मध्य प्रांताचे चीफ कमिशनर असताना ते सुरू झालं, आणि बारसं मात्र लोकांनी आपलं आपणच उरकून घेतलं. सिंदेवाहीहून नागपूरला जाणाऱ्याची कामं ठरलेली असतात. दवाखाना, कोर्टाची तारीख, लग्नाचं कापड. त्यातून दोन तास उरले तर महाराजबाग आणि अजब बंगला.

धान चुरून झाल्यावर आत्याला डोळे दाखवायला नेलं होतं. मोतीबिंदू काढून महिना झालेला. डॉक्टरांनी पाच मिनिटांत मोकळं केलं आणि परतीच्या बसला अवकाश होता, म्हणून तिला अजब बंगल्यात नेलं. पहिल्या दालनात शिरल्याबरोबर ती बाकावर बसली, पदर सावरला आणि वाट पाहू लागली. मी म्हटलं, चल पुढं. तर म्हणाली, "सुरू कवा होते, बापू?"

मला हसू आलं, पण तिचं काही चुकलं नव्हतं. झाडीपट्टीतल्या माणसाला पाहायला जाणं म्हणजे नाटकाला जाणं. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, शंकरपट होतो, वडशाहून नाटक मंडळी येते. रात्री उशिरा पडदा उघडतो आणि पहाटे कोंबडा आरवेपर्यंत माणूस जागचा हलत नाही. पाहायची वस्तू आपल्यापुढं येऊन बोलते, रडते, गाते. इथं वस्तू गप्प बसणार आणि चालायचं आपण, ही रीत तिला कोण सांगणार?

एकदा उठल्यावर मात्र ती आपल्या हिशेबानं पाहू लागली. आदिवासींच्या वस्तूंपाशी सगळ्यात जास्त वेळ थांबली. मला वाटलं, आपल्या घरातलं सामान काचेत पाहून हरखली असेल. कसचं काय. बांबूची एक टोपली तिनं वाकून वाकून पाहिली आणि म्हणाली, "याची वीण ढिली हाय. मासोरी निसटून जाते." पाटीवर वस्तूचं नाव होतं, जमातीचं नाव होतं. वीण कशी आहे, हे पाहायला तिथं ज्यानं टोपली पाण्यात धरली आहे असाच माणूस यावा लागतो.

तांब्याच्या हत्यारांची गोष्ट मी तिला सांगितली. १८७० साली बालाघाटकडच्या गुंगेरियात गुरं राखणाऱ्या पोरांना जमिनीत तांब्याची चारशेच्या वर हत्यारं आणि चांदीचे शंभरावर पत्रे सापडले. त्यातलं काही नागपुरात राहिलं, काही थेट लंडनच्या ब्रिटिश म्युझियमात गेलं. आत्यानं विचारलं, "अन् पोराईले काय देल्लं?" असल्या प्रश्नांची उत्तरं पाटीवर नसतात.

काचेआडच्या वाघापुढून ती न थांबता गेली. शेजारी शहरातली लहान मुलं त्याला पाहून किंचाळत होती. आत्यानं वाघ पाहिला आहे तो मोहफुलं वेचताना, पहाटेच्या अंधुक उजेडात, मधे एक नाला एवढंच अंतर. "मेलेल्याचं भेव नाही वाटत," इतकंच म्हणाली. ताडोब्याला लोक जिप्सीत बसून, पैसे मोजून वाघ शोधतात. ब्रह्मपुरी-सिंदेवाहीकडं संध्याकाळी बांधीवरून परतताना माणसं एकमेकांना हाका मारत, घोळक्यानं चालतात, ती तो भेटू नये म्हणून.

मला मात्र तिला एका दगडाबद्दल सांगायचं होतं. शिलालेखांपाशी तिला बसवलं आणि सांगितलं की, आपल्या नागभीडकडचं देवटेक आहे ना, तिथला एक कोरीव दगड या संग्रहालयात आणलेला आहे. महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी त्याचा अभ्यास केला. त्या एकाच दगडावर दोन लेख आहेत. जुना अशोकाच्या काळातला, ब्राह्मी लिपीतला. जनावरं धरू नयेत, मारू नयेत, अशी त्यात कुणा स्वामीची आज्ञा आहे. बरीच अक्षरं आता गेली आहेत, पण मतलब कळतो. दुसरा त्यानंतर कित्येक शतकांनी कोरलेला, वाकाटक राजा पहिल्या रुद्रसेनाचा. चिक्कंबुरी इथल्या आपल्या धर्मस्थानाचा त्यात उल्लेख आहे, आणि ते चिक्कंबुरी म्हणजे देवटेकजवळचं आजचं चिकमारा, असं मिराशींचं म्हणणं.

दगड गावातून गेला याचं मला तितकं वाईट वाटत नाही. गावात राहता तर एक तर शेंदूर लागून त्याचा देव झाला असता, नाही तर बोडीच्या काठी त्यावर कपडे आपटले असते. दोन्हीत अक्षरं गेलीच असती. वाईट याचं वाटतं, की त्या रस्त्यानं रोज जाणाऱ्या एसटीत कुणाला विचारलं, तर असा दगड आपल्याकडं होता हेच माहीत नसतं.

आत्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "जनावर मारू नोका म्हून मानसाईले सांगतलं. वाघाले कोन वाचून दाखवलं?" मागच्या वर्षी तिच्या ओळखीतली एक बाई सरपणाला गेली ती परत आली नव्हती. मी काही बोललो नाही.

परत बसनंच निघालो. पूर्वी इतवारीहून नागभीडपर्यंत अडीच फुटी रुळांवरची छोटी गाडी होती. २०१९ च्या नोव्हेंबरात ब्रॉडगेजच्या कामासाठी ती बंद झाली. गंमत अशी की, नागपूरच्या मोतीबागेत नॅरोगेजचं संग्रहालय उघडलं ते २००२ साली. म्हणजे सतरा वर्षं आम्ही संग्रहालयात जमा झालेल्या गाडीच्या सख्ख्या बहिणीत बसून, खिडकीतून शेंगांची टरफलं फेकत नागपूरला जात होतो, आणि आपण पाहण्यासारख्या वस्तूत बसलो आहोत हे कुणाच्या ध्यानातही नव्हतं.

उमरेड गेलं, भिवापूर गेलं. आत्या डुलक्या घेत होती. नागभीड जवळ आल्यावर जागी झाली आणि नव्या डोळ्यानं बाहेर पाहू लागली. काळोखात धानाच्या पुंजण्यांखेरीज काही दिसत नव्हतं.

"देवटेक कोन्या हातानं येते?"

मी मोबाइल काढला, पण रेंज नव्हती.

"तो गाव पाह्यला का तू?"

मिराशींचं लिहिलेलं मी दोनदा वाचलं आहे, आणि या रस्त्यानं गेली तीस वर्षं जातो-येतो आहे. "नाही," म्हटलं. ती पुन्हा खिडकीकडं वळली.